एकोणीस दिवसांची चौकशी

आमच्या सरांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याच्या जरा खाली, वायरमन वापरतात तसल्या काळ्या टेपचा एक तुकडा कायमचा चिकटवलेला असे. पहिल्या दिवशी कामावर गेले तेव्हा मला वाटलं, पडदा फुटलाय. मी नखानं ती टेप उचकटायला लागले, तर सर खुर्चीतून उठलेच.

"हात नको लावू पोरी," ते म्हणाले. "तिथं चांदण्या असतात."

तिथे खरोखरच चांदण्या असत. सॉफ्टवेअर करताना सगळं काही कोणी स्वतः लिहीत बसत नाही. तारीख दाखवायची, नकाशा दाखवायचा, एका फोनवरची माहिती दुसऱ्या फोनवर पोचवायची, अशी कामं जगात कोणीतरी आधीच करून ठेवलेली असतात आणि ती सगळ्यांसाठी फुकट, उघडी ठेवलेली असतात. त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. अडचण एवढीच की एका कामाला एक लायब्ररी नसते, पन्नास असतात, आणि प्रत्येकीच्या पानावर लिहिलेलं असतं की हीच सगळ्यांत सोपी आणि हीच सगळ्यांत वेगवान. मग माणूस काय करतो, तर किती लोकांनी कुठल्या लायब्ररीला चांदणी दिली आहे तो आकडा बघतो, ज्याचा आकडा मोठा ती उचलतो आणि चहाला जातो. मीही तेच करायची. अजूनही, कोणी बघत नसेल तर, करते.

सरांनी तो आकडाच झाकून टाकला होता. तो एकदा दिसला की डोकं पुढे चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या टेपखाली बाकीही बऱ्याच गोष्टी जात. बँकेच्या पानावरचं बाहेर पडायचं बटण नेमकं तिथेच यायचं, त्यामुळे सर बँकेत शिरले की बाहेर काही पडायचे नाहीत. बँकच कंटाळून त्यांना घालवून द्यायची.

कळमनुरीत बाजाराच्या रस्त्याला, फवारणीचे पंप विकणाऱ्या एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांत हे ऑफिस होतं. सर आधी कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे. ते का सोडलं याच्या गावात तीन गोष्टी सांगतात, आणि सर तिन्हींना हो म्हणतात. ऑफिसात ते आणि मी, दोघंच. मी नांदेडहून शिकून नुकतीच घरी आले होते, पुण्याला जायचं म्हणत होते आणि घरचे पाठवत नव्हते. त्यामुळे ही नोकरी. पण एकट्या माणसाच्या ऑफिसात मुलगी पाठवायची, म्हणून माझे वडील आधी चौकशीला गेले. खालच्या पंपवाल्याला विचारलं, समोरच्या चहावाल्याला विचारलं, घरमालकाला गाठलं आणि मग जिना चढून सरांसमोर जाऊन बसले. सरांना ते खालून कळलं होतं. दुसऱ्या कोणाला राग आला असता. सर इतके खूश झाले की त्यांनी माझी मुलाखतच घेतली नाही.

"तुझा बाप बराबर माणूस हाय," ते मला म्हणाले. "पहिले खाली इचारलं, मंग वर आला."

कारण त्यांचीही रीत हीच होती. त्यांच्याकडे दोनशे पानी वह्यांचा एक ढीग होता, आणि त्यांत प्रत्येक लायब्ररीला एक पान. वर नाव, त्याखाली घराणं किती जुनं, घरात कर्ती माणसं किती, शेवटचा निरोप कधी दिला, भांडण झालं तर माघार कोण घेतं. आपल्याकडे स्थळाचा कागद असतो, हुबेहूब तसं ते पान. रंग आणि उंची तेवढी नव्हती. लायब्ररीच्या पहिल्या पानावर जे गुणगान असतं ते सर वाचतच नसत. पुढची वसरी सगळ्यांचीच सारवलेली असते, मागच्या अंगणात काय चालू आहे ते बघावं, असं ते म्हणत. मागचं अंगण म्हणजे तक्रारींचं पान. ज्याला अडचण येते तो तिथे लिहितो आणि लायब्ररीवाले उत्तर देतात, किंवा देत नाहीत. सर त्या तक्रारी जुन्यापासून नव्यापर्यंत, पेपर वाचावा तशा, चष्मा कपाळावर चढवून वाचत. मधेच हसत. मधेच "हे चांगलं न्हाई केलं यानं" असं म्हणत. मी विचारलं, कोणी, तर म्हणत, हा नॉर्वेचा.

त्यांची दुसरी परीक्षा म्हणजे खुळा प्रश्न. निवडीत चार-पाच लायब्ऱ्या उरल्या की सर त्या सगळ्यांना एकच प्रश्न लिहून पाठवत. मुद्दाम बाळबोध, पहिल्यांदाच शिकणाऱ्या माणसानं विचारावा तसा. आणि मग आठवडाभर थांबत. एकानं उत्तर दिलं की आधी नीट वाचून या. एकाकडे कोणी उत्तरच दिलं नाही, ठरावीक दिवसांनी यंत्रानं आपोआप तो प्रश्न बंद करून टाकला. एक तर प्रश्न विचारल्याबद्दल सरांच्या अंगावरच आला. मी चिडायची. म्हणायची, सर, ती माणसं फुकट काम करतात, त्यांना असं छळू नये. सरांना हे पटायचं. ज्यांनी ज्यांनी नीट उत्तर दिलं त्यांना ते नंतर आभाराचं पत्र लिहीत, आणि प्रश्न विनाकारण विचारला होता म्हणून त्यात माफीही मागत.

लायब्ररी या शब्दाऐवजी ते पाव्हणा म्हणत. पाव्हणा घरात घेतला की त्याला जन्मभर सांभाळावं लागतं, आणि तो एकटा येत नाही. यात काही अतिशयोक्ती नव्हती. एक लायब्ररी घेतली की ती ज्यांच्यावर उभी आहे त्या दहा येतात, त्या दहांच्या आणखी. एकदा मी तारखा मांडायची एक साधी लायब्ररी घेतली तर तिच्या मागोमाग चाळीस सोयरे आले. सरांनी एकेकाला नाव विचारायला सुरुवात केली. त्यात एक होता, त्याचं काम काय, तर दिलेला आकडा विषम आहे की नाही एवढंच सांगणं. सर दोन दिवस हसत होते. खाली जाऊन पंपवाल्यालाही सांगून आले. पंपवाला म्हणाला, आमच्या जावयाचा भाऊ असाच आहे.

काकू, म्हणजे सरांच्या घरच्या, कधी डबा घेऊन यायच्या तेव्हा हे सगळं ऐकत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "माझ्या वेळेला ह्यांनी कायबी चौकशी केली न्हवती. त्याची भरपाई करून राहिले आता."

हे ऐकायला गमतीचं आहे, पण त्यापायी कामं जात. गिऱ्हाईक म्हणायचं आठ दिवसांत द्या, आणि आठव्या दिवशी सर अजून कुठल्यातरी लायब्ररीच्या मागच्या अंगणात असायचे. मग ते गिऱ्हाईक हिंगोलीतल्या दुसऱ्याकडे जायचं. मला त्यांचा राग यायचा, खरंच यायचा. माझ्याबरोबरच्या मुली पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांत लागल्या होत्या आणि मी इथे बसून नॉर्वेचा माणूस स्वभावानं कसा आहे ते वहीत उतरवत होते.

अशात एक मोठं काम आलं. जिल्ह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या सिस्टर गावोगाव जाऊन गरोदर बायांना तपासत. बीपी, वजन, पायाला सूज, सगळं वहीत लिहून आणत. दवाखान्याला ते फोनवर हवं होतं. सिस्टरनं गावात तपासलं की फोनवर लिहायचं, आणि नेटवर्क आलं की ते आपोआप दवाखान्यात पोचायचं. ज्या बाईचं बीपी जास्त, तिचं नाव डॉक्टरीणबाईंच्या यादीत लाल दिसायचं, आणि लाल दिसलं की गाडी निघायची. एवढं सोपं काम. कोणाचं नाव लाल व्हायला हवं होतं आणि झालं नाही, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

नेटवर्क नसताना लिहून ठेवायचं आणि असताना पाठवायचं, यासाठीही लायब्ऱ्या आहेत. सरांनी सोळा काढल्या. त्यांची मागची अंगणं बघून त्यातल्या पाच ठेवल्या. मग ते दोन जुने फोन खिशात घालून रोज डोंगरकडा गावाला जाणाऱ्या एसटीत बसायला लागले. मी म्हणाले, सर, फोनवर विमानाचं बटण असतं, ते दाबलं की नेटवर्क बंद होतं, त्यासाठी एसटीनं जायला नको. ते म्हणाले, "बंद होणं येगळं. त्या रस्त्यावर ते पुरतं जात न्हाई आन् पुरतं येतबी न्हाई. ते कोण्या बटणात हाय?" हे त्यांचं खरं होतं. पण तेव्हा ते खरं मानण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

शेवटी दोन राहिल्या. एक प्रसिद्ध, जिच्या चांदण्यांचा आकडा मी माझ्या पडद्यावर बघितला होता आणि मान तुकवावी इतका तो मोठा होता. दुसरी कोणाला ठाऊक नसलेली, एका म्हाताऱ्यानं एकट्यानं सांभाळलेली. तो कुठल्यातरी थंड देशात राहायचा आणि सरांच्या खुळ्या प्रश्नाला त्यानं दीड पान उत्तर लिहून वर विचारलं होतं की कळमनुरी कुठे आलं. सरांनी दोघांना एकच गोष्ट विचारली होती. एकाच नावावर दोन फोनांवरून वेगवेगळं लिहून आलं, तर कोणाचं राहतं? प्रसिद्ध लायब्ररीवाल्यांनी कळवलं, जे शेवटी पोचेल ते राहतं, आधीचं जातं, तुम्हाला दुसरं काही हवं असेल तर तुम्ही ते स्वतः बसवून घ्या. म्हाताऱ्यानं कळवलं, मी दोन्ही ठेवतो आणि माणसाला विचारतो.

सरांचं मन म्हाताऱ्याकडे होतं, हे मला दिसत होतं. पण ठरत नव्हतं. "एकटाच माणूस हाय," ते म्हणत. "उद्या त्याला ताप आला तं?" मग त्याच्या तब्येतीची चौकशी. एकोणीस दिवस झाले. दवाखान्यातून रोज फोन येत होते, आणि ते मी घेत होते.

विसाव्या दिवशी सर वाशीमकडे भाचीच्या लग्नाला गेले, चार दिवसांसाठी. त्या चार दिवसांत मी प्रसिद्ध लायब्ररी घेऊन सगळं ॲप उभं केलं. चांगलं केलं होतं, आजही म्हणेन. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवून आले. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. सिस्टरांना मी दुपारभर शिकवलं आणि शेवटी सांगितलं, आता बीपी जास्त निघालं तर फोन करत बसू नका, तुम्ही लिहिलंत की इथे आपोआप लाल होतं.

सर आले. मी आधीच उत्तरं तयार ठेवली होती, भांडायची पूर्ण तयारी होती. पण सर दोन्ही फोन हातात घेऊन अर्धा तास खेळत बसले. मग एवढंच विचारलं, "शेवटी पोचलेलं खरं असतं का?"

मी म्हणाले, सर, सगळं जग हीच लायब्ररी वापरतं.

"सगळ्या जगाचं मी न्हाई इचारलं."

पण दवाखान्यात दाखवून झालं होतं आणि सिस्टर उद्यापासून वापरणार होत्या. सरांनी ते मागे घ्यायला लावलं नाही, कारण माझा शब्द गेला असता. मी नंतर पुष्कळ विचार केला आहे की तेव्हा त्यांनी मला खाली पाहायला लावलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एकच अट घातली. दोन महिने सिस्टरांनी कागदाची वहीही लिहायची, आणि दर शुक्रवारी ते स्वतः दवाखान्यात जाऊन वही आणि पडदा ताडून बघणार. दुप्पट काम म्हणून सिस्टर वैतागल्या. सरांचं नाव त्यांनी वहीवाले सर ठेवलं. मीही त्यांच्याबरोबर हसले. सर दर शुक्रवारी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर मांडीवर वह्या घेऊन बसायचे आणि बोट ठेवून ठेवून ओळी लावायचे. पहिल्या शुक्रवारी काही निघालं नाही. दुसराही तसाच गेला.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला, की तू दवाखान्यात ये. आवाज नेहमीचाच होता. मी पोचले तेव्हा गाडी निघून गेलेली होती.

झालं होतं ते असं. कनेरगाव नाक्याच्या अंगाला सासर असलेली एक बाई, पहिलटकरीण, आठव्या महिन्यात माहेरी आली होती. माहेर डोंगरकड्याच्या पलीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, माझ्या दोन्ही बहिणी आल्या होत्या. पण ॲप करताना बाई एका गावात राहते असं धरून मी ते केलं होतं. बाई एक, तिच्या नावाचं पान एक. ती दोन सिस्टरांच्या दोन याद्यांत येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी सासरच्या गावची सिस्टर तिच्या घरी गेली. सासू म्हणाली, सून माहेरी गेली, बरी आहे. बीपी लिहिल्याशिवाय ॲप पुढे जाऊ देत नव्हतं, तेही मीच तसं केलं होतं. तिनं गेल्या महिन्याचा आकडा टाकला, तब्येत ठीक असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेली. त्या गावात नेटवर्क नव्हतं. बुधवारी माहेरच्या गावच्या सिस्टरनं त्या बाईला खरोखर तपासलं. बीपी एकशे साठच्या वर, पायाला सूज, डोकं दुखतंय. तिनं लिहिलं आणि संध्याकाळी डोंगरकड्याला पोचल्यावर ते गेलं. यादीत नाव लाल झालं. तिनं फोन केला नाही, कारण करू नका असं मी सांगितलं होतं. आणि अर्ध्या तासानं दुसऱ्या सिस्टरच्या फोनला नेटवर्क मिळालं. तिचं मंगळवारचं लिखाण शेवटी पोचलं, म्हणून तेच राहिलं. गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी यादी उघडली तेव्हा ते नाव हिरवं होतं.

शुक्रवारी सरांचं बोट वहीतल्या त्या ओळीवर थांबलं नसतं, तर ते हिरवंच राहिलं असतं.

गाडी तिला घेऊन आली. दुपारी तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की अजून दोन दिवस गेले असते तर झटके आले असते. बाळ फार लहान होतं, मुलगी, तिला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. दोघी वाचल्या. मी व्हरांड्यात त्याच बाकावर बसून रडले, आणि सर शेजारी बसून राहिलेल्या वह्या ताडत होते. कोणी रडत असताना काय करायचं हे त्यांना कधीच कळलं नाही. दवाखान्याला त्यांनी त्याच दिवशी पत्र दिलं. त्यात चूक आमच्या ऑफिसची आहे असं लिहिलं होतं, माझं नाव कुठेही नव्हतं.

पुढे दोन वर्षांनी मी पुण्याला आले. इथे मोठी कंपनी आहे, मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर चांदण्यांचा आकडा दाखवतात आणि दहा मिनिटांत लायब्ररी ठरते. मी काही टेप लावत नाही, एवढं धाडस माझ्यात नाही. पण हळूच तक्रारींचं पान उघडते. दवाखान्यात आम्ही मागाहून बसवलेली त्या म्हाताऱ्याची लायब्ररी अजून चालू आहे. तो आता थकला आहे, आणि त्याच्या लायब्ररीच्या पानावर नवशिक्यांच्या प्रश्नांना हल्ली दुसरंच कोणीतरी उत्तरं लिहितं. नाव नसतं. उत्तर लांबलचक असतं, इंग्रजी सरळसाधं असतं, आणि सुरुवातीला विचारलेलं असतं की तुम्ही काय करायला बसला आहात ते आधी सांगा, आणि ते कोणासाठी. माझ्या शेजारी बसणारा मुलगा म्हणतो, हा कोण रिकामटेकडा आहे. मी सांगत नाही.

सर म्हटलं की मात्र मला आठवतो तो त्या ऑपरेशननंतरचा एक दिवस. बाई बाळ घेऊन दवाखान्यातून माहेरी गेली होती. मी सरांकडे गेले आणि चार दिवस घोकून ठेवलेली माफी मागायला लागले. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"मला काहून सांगून राहिली?" ते म्हणाले. "जिचं पुसलं तिला सांग."

आम्ही एसटीनं डोंगरकड्याला गेलो, तिथून पुढे चालत. तिचं घर पत्र्याचं, अंगण मोठं, त्यात वाळत घातलेली हळद होती. बाळंतिणीच्या खोलीत सर आले नाहीत, ते बाहेर तिच्या वडिलांपाशी बसले. मी आत गेले. ती माझ्यापेक्षा लहान होती. पदराखाली मुलगी पीत होती, एवढीशी, तिचे नुसते पाय दिसत होते. मी कोण, कशाला आले ते सांगितलं. ॲप म्हणजे काय, ते तिला सिस्टरमुळे ठाऊक होतं. मग जमेल तेवढ्या सरळ शब्दांत सांगितलं की माहेरच्या सिस्टरनं तुझं बरोबर लिहिलं होतं, पण सासरकडच्या सिस्टरचं लिहिलेलं मागून आलं आणि त्यानं इकडचं पुसून टाकलं. चूक सिस्टरची नाही, ते तसं मी केलं होतं.

मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा तिची आई तरी रागावेल. आई भिंतीला टेकून ऐकत होती. बाळंतीण पदराखालच्या मुलीकडे बघत होती. मग ती चक्क हसली.

"त्यात नवं काय हाय मॅडम?" ती म्हणाली. "सासरचं मागून येतं आन् म्हायेरचं पुसून टाकतं. ते तं आमच्याकडं पहिल्यापासून तसंच हाय."

 ती आपली मुलीच्या तोंडावरचं दूध पुसत होती. पुसता पुसता तिनंच विचारलं, "आता दोन्ही ठेवता का पण?"

मी हो म्हणाले. खरं तर तेव्हा ते अजून व्हायचं होतं. पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही ते केलं, पण त्या क्षणी मी तिला खोटं सांगितलं, आणि तिच्यासमोर दुसरं काही सांगायची माझी हिंमत नव्हती.

बाहेर आले. परतीच्या एसटीत सरांना तिचं बोलणं सांगितलं. त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं, जसंच्या तसं. मग खिडकीतून बघत बसले.  कळमनुरीच्या स्टँडवर गाडी शिरली, लोक उतरायला लागले, तरी ते जागचे हलले नाहीत.

"एकोणीस दिवस साऱ्या दुनियेत चौकशी केली मी," ते म्हणाले. "हिच्यापाशी गेलो असतो तं हिनं उभ्या उभ्या सांगितलं असतं."

कंडक्टरनं दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ते उठले.